साखळी-आण्यापासून फर्मीपर्यंत: जुन्या मोजणीचं माप अणुकेंद्राच्या एककात कसं न्यायचं

विज्ञान दिन जवळ आला की, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या आधीच्या पंधरवड्यात, माझ्या टेबलावर एकाच जातीची गणितं येऊन पडतात. 'आमच्या बांधावर किती प्रोटॉन ओळीनं बसतील?' 'एका गुंठ्याचे किती बार्न?' (फर्मी आणि बार्न ही अणुकेंद्राच्या मापाची एककं: फर्मी लांबीचं, बार्न क्षेत्राचं.) मी पुण्यात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवते. वर्गात इंदापूर, जुन्नर, भोर, मुळशीकडची बरीच मुलं असतात आणि घरच्या जमिनीचे कागद त्यांच्या पाहण्यात असतात. प्रश्न फार चांगले असतात, उत्तरं मात्र दरवर्षी त्याच ठिकाणी चुकतात. सगळे घाबरतात ते दहाच्या ऋण पंधराव्या घाताला, पण चूक तिथं क्वचितच होते. ती होते शेताच्या टोकाला: साखळी कोणती, आणा लांबीचा की क्षेत्राचा, टिंबानंतरचा आकडा दशांश आहे की आणे. म्हणून या लेखात निम्म्याहून जास्त जागा त्या टोकाला दिली आहे.

(लेखात १०^१५ असं लिहिलं की ते दहाचा पंधरावा घात असं वाचायचं. १०^-१५ म्हणजे ऋण पंधरावा घात.)

## तयारी

साहित्य थोडकंच लागतं. मूळ कागदाची झेरॉक्स, पेन्सिल आणि सायंटिफिक कॅल्क्युलेटर. अकरावीला अप्पा बळवंत चौकातून घेतलेला असेल तोच चालेल. मूळ कागदावर पेन्सिलही टेकवू नका. खुणा करायच्या त्या झेरॉक्सवर.

गणित सुरू करण्याआधी हे आकडे एका कार्डावर उतरवून घ्या. दर वेळी मोबाइलवर शोधायला गेलात की दर वेळी वेगळं काहीतरी हाती लागतं.

- १ फूट = ०.३०४८ मीटर
- १ शंकू साखळी = ३३ फूट = १६ आणे = १०.०५८४ मीटर
- १ आणा (लांबी) = २.०६२५ फूट = ०.६२८६५ मीटर
- १ गुंटर साखळी = ६६ फूट = १०० कड्या = २०.११६८ मीटर
- १ गुंठा = ३३ × ३३ = १०८९ चौरस फूट = १०१.१७ चौरस मीटर
- १ आणा (क्षेत्र) = गुंठ्याचा सोळावा भाग = ६.३२ चौरस मीटर
- १ एकर = ४० गुंठे = ४०४६.८६ चौरस मीटर
- १ आर = १०० चौरस मीटर, १ हेक्टर = १०० आर
- १ फर्मी = १ फेम्टोमीटर = १०^-१५ मीटर
- १ अँगस्ट्रॉम = १०^-१० मीटर = १ लाख फर्मी
- १ बार्न = १०^-२८ चौरस मीटर = १०० चौरस फर्मी

सावधान: हे गणित अभ्यासासाठी आहे. बांधावरून वाद असेल तर घरी केलेल्या रूपांतराला काही अर्थ नाही. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करायचा आणि भूकरमापकाकडून रीतसर मोजून घ्यायचं.

## पायरी १: कागदावर काय लिहिलंय ते आधी वाचा

कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. पहिला प्रश्न एकच: समोरचा आकडा लांबीचा आहे की क्षेत्राचा?

सातबाऱ्यावर क्षेत्र असतं. टिपणावर, म्हणजे मोजणीच्या वेळी काढलेल्या कच्च्या आकृतीवर, रेषांच्या बाजूला लांबी लिहिलेली असते. टिपण प्रमाणात काढलेलं नसतं, म्हणून त्यावर पट्टी ठेवून काहीही मोजायचं नाही. रेषेजवळ जो आकडा लिहिलाय तोच खरा.

आता आकडा वाचायचा. दोन वर्षांपूर्वी इंदापूर तालुक्यातल्या एका मुलानं आजोबांच्या ट्रंकेतल्या टिपणाची झेरॉक्स आणली होती. घडीवर कागद झिजलेला, शाई तपकिरी पडलेली. एका बाजूवर लिहिलं होतं: ७॥- . त्यानं ते ७११ असं वाचलं आणि ७११ साखळ्या धरून गणित पूर्णही केलं. घातांकांत एकही चूक नव्हती. मी त्याला एवढंच विचारलं, "मीटरमध्ये किती आलं?" सात हजार एकशे एक्कावन्न. म्हणजे एका शेताची एक बाजू सात किलोमीटर! हे मधलं उत्तर त्यानं कुठं लिहिलंच नव्हतं, त्यामुळे ते त्याच्या डोळ्यांपुढं आलंच नव्हतं.

जुन्या हातच्या लिखाणात उभी रेघ म्हणजे पाव, अर्थात चार आणे, आणि आडवी रेघ म्हणजे एक आणा. म्हणून

- ७। म्हणजे ७ साखळ्या ४ आणे (सव्वासात)
- ७॥ म्हणजे ७ साखळ्या ८ आणे (साडेसात)
- ७॥- म्हणजे ७ साखळ्या ९ आणे
- ७॥। म्हणजे ७ साखळ्या १२ आणे (पावणेआठ)

घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांच्यासमोर कागद धरा. आण्याचा हिशोब ज्यांनी हातानं केलाय त्यांना या रेघा अजून चटकन वाचता येतात.

तपासणी: वाचलेला आकडा शब्दांत लिहा. 'सात साखळ्या नऊ आणे, लांबी.' शब्दांत लिहिता येत नसेल तर तो अजून नीट वाचलेला नाही.

## पायरी २: साखळी कोणती ते ठरवा

सगळ्यात महागात पडणारी चूक इथं होते. 'साखळी' किंवा 'चेन' या एकाच शब्दाखाली निदान तीन वेगळी मापं नांदतात. आपल्याकडच्या महसुली मोजणीतली शंकू साखळी ३३ फुटांची आणि १६ भागांची. गुंटर साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची. इंजिनिअरांची साखळी १०० फुटांची, तीही १०० कड्यांची. मेट्रिक मापं आल्यावर २० आणि ३० मीटरच्या साखळ्या आल्या त्या निराळ्याच.

मोबाइलवरच्या रूपांतराच्या अ‍ॅपमध्ये 'चेन' निवडलीत की ते मुकाट्यानं ६६ फूट धरतं. आपल्या टिपणावरचं माप त्यात घातलं की उत्तर बरोबर दुप्पट येतं. क्षेत्र काढलं तर चौपट. फर्मीत गेल्यावर ही दुप्पट-चौपट दिसतच नाही, कारण १०^१६ च्या आधी १ आहे की २, याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

ओळखायचं कसं? पोटभागाकडे बघा. आणे असतील तर शंकू साखळी. कड्या असतील आणि सोबत मैल-फर्लांगांचा उल्लेख असेल तर बहुधा गुंटर, कारण १० गुंटर साखळ्यांचा एक फर्लांग आणि ८० चा एक मैल. कागदावर क्षेत्रही दिलेलं असेल तर सर्वांत उत्तम. लांबी आणि रुंदी साखळ्यांत घेऊन गुणाकार करा. उत्तर थेट गुंठ्यांत जुळलं की साखळी ३३ फुटांची, कारण एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजेच एक गुंठा. गुणाकाराला १० नं भागून एकर जुळले तर गुंटर.

सावधान: 'आणा' दोन प्रकारचा असतो. लांबीचा आणा म्हणजे साखळीचा सोळावा भाग, सुमारे ६३ सेंटीमीटर. क्षेत्राचा आणा म्हणजे गुंठ्याचा सोळावा भाग, ६८.०६२५ चौरस फूट. लांबीच्या आण्याचा वर्ग केला की क्षेत्राचा आणा मिळत नाही. मिळतो गुंठ्याचा २५६ वा भाग. या एका गैरसमजातून सोळापटीची चूक होते.

## पायरी ३: पोटभाग मोडून एकच एकक करा

सात साखळ्या नऊ आणे म्हणजे ७.९ साखळ्या नव्हे. आणे सोळाचे असतात, दहाचे नसतात. ९ ला १६ नं भागा: ०.५६२५. म्हणून ७.५६२५ साखळ्या.

७.९ धरलंत तर बाजू साडेतीन मीटरच्या आसपास वाढते. एवढ्या रुंदीतून बैलगाडी जाते.

क्षेत्रालाही हेच लागू. १ एकर १२ गुंठे ८ आणे म्हणजे १.१२८ एकर नाही. आधी सगळ्याचे गुंठे करा: ४० + १२ + ०.५ = ५२.५ गुंठे. एकरांतच हवं असेल तर ५२.५ भागिले ४०, म्हणजे १.३१२५.

सातबाऱ्यावरच्या हेक्टर-आर-चौरस मीटरचं मात्र बरं आहे. तिथं शंभराचे गट असल्यानं ०.४०.४७ हे ०.४०४७ हेक्टर असं सरळ वाचता येतं. फक्त रकान्याचं शीर्षक बघा. शेतजमिनीला हेक्टर-आर-चौरस मीटर आणि बिनशेतीला आर-चौरस मीटर असं एकक असतं. आणि आर म्हणजे गुंठा नव्हे. बोलताना आपण दोन्ही एकच धरतो, पण गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा आहे. एकरामागं हा फरक अर्ध्या गुंठ्याच्या जवळ जातो.

## पायरी ४: मीटरवर या आणि तिथं थांबा

साखळीतून थेट फर्मीत उडी मारू नका. मधे मीटरचं स्टेशन घ्या आणि तिथलं उत्तर कागदावर लिहा.

७.५६२५ × १०.०५८४ = ७६.०६६६५ मीटर

दुसऱ्या वाटेनंही करून बघा. ७ × १०.०५८४ = ७०.४०८८ आणि ९ × ०.६२८६५ = ५.६५७८५. बेरीज ७६.०६६६५. जुळलं.

तपासणी: हे अंतर पायानं चालून बघण्यासारखं आहे का? साधं पाऊल पाऊण मीटरचं धरलं तर ७६ मीटर म्हणजे शंभर पावलं. शेताची एक बाजू शंभर पावलं, हे पटतं. न पटणारं उत्तर इथंच पकडा, कारण फर्मीत गेल्यावर पटण्या-न पटण्याला काही आधारच उरत नाही. ७११ साखळ्यांची चूक इथं एका नजरेत दिसली असती.

## पायरी ५: मीटरचे फर्मी करा

१ मीटर म्हणजे १०^१५ फर्मी. संख्या आधी एकअंकी करून घ्या, मग घातांकांची बेरीज करा.

७६.०६६६५ मीटर = ७.६०६६६५ × १०^१ मीटर
घातांक: १ + १५ = १६
म्हणून ७.६०६६६५ × १०^१६ फर्मी

वर्गात ७.६ × १०^१४ असं उत्तर हटकून येतं. टिंब डावीकडे सरकवलं म्हणून घातांकही कमी केलेला असतो. टिंब डावीकडे सरकलं की घातांक वाढतो, एवढं कार्डाच्या मागं लिहून ठेवा.

कॅल्क्युलेटरची एक चूक तर जवळपास प्रत्येक बॅचमध्ये होते. १०^१५ घालायचं असतं आणि बोटं दाबतात १०, मग घाताचं बटण, मग १५. हे झालं १०^१६, कारण त्या बटणातच 'गुणिले दहाचा घात' दडलेला आहे. बरोबर क्रम: १, घाताचं बटण, १५. एक्सेल वापरत असाल तर ते १५ सार्थ अंकांपलीकडचं जपत नाही. सोळा-सतरा अंकी संख्या पूर्ण टाइप केली की शेवटचे अंक शून्य होऊन बसतात. म्हणून संख्या घाताच्या रूपातच घाला.

उत्तर शब्दांत सांगायची हौस असेल तर तीही जपून. आपल्या जुन्या संख्यानामांत १०^१५ ला अंत्य आणि १०^१६ ला मध्य म्हणतात, म्हणजे एक मीटर म्हणजे एक अंत्य फर्मी. ऐकायला सुंदर आहे. पण आपला खर्व १०^१० आणि हिंदीतला खरब १०^११, त्यामुळे पोस्टरवर नावं लिहिलीत तर शेजारी घातही लिहा.

सावधान: फर्मी आणि अँगस्ट्रॉम यांची अदलाबदल करू नका. अँगस्ट्रॉम अणूच्या मापाचा, फर्मी अणूच्या केंद्राच्या मापाचा. दोघांत एक लाखाचा फरक आहे. हायड्रोजनचा अणू साधारण एक अँगस्ट्रॉम रुंद, त्याच्या मधला प्रोटॉन सुमारे १.७ फर्मी रुंद. प्रोटॉन मोहरीच्या दाण्याएवढा, दीड मिलिमीटरचा धरला तर अणू नव्वद मीटरच्या आसपास होईल, म्हणजे जवळपास नऊ शंकू साखळ्या. उत्तरात लाखाची गफलत वाटली तर पहिला संशय इथं घ्या.

## पायरी ६: क्षेत्रफळ असेल तर बार्न

क्षेत्राला फर्मी चालत नाही, चौरस फर्मी लागतो. आणि इथं घातांक दुप्पट होतो: १ चौरस फर्मी म्हणजे १०^-३० चौरस मीटर. १०^-१५ तसाच ठेवणं ही या पायरीवरची सर्वांत मोठी चूक, आणि ती साधीसुधी नाही, १०^१५ पटींची आहे. अणुकेंद्राच्या कामात क्षेत्रासाठी बार्न वापरतात, तो १०^-२८ चौरस मीटर. बार्नचा घात आधीच क्षेत्राचा आहे, त्याचा पुन्हा वर्ग करायचा नाही.

मघाचं शेत घेऊ. ५२.५ × १०१.१७ = ५३११ चौरस मीटर, म्हणजे ५.३१ × १०^३. त्याला १०^-२८ नं भागायचं, म्हणजे घातांकात २८ मिळवायचे: ५.३१ × १०^३१ बार्न. एक गुंठा स्वतः १.०१ × १०^३० बार्न भरतो.

## पायरी ७: उलट दिशा

फर्मीकडून साखळी-आण्यात येताना क्रम उलटा, पण थांबा मीटरचाच.

सोन्याचं अणुकेंद्र घ्या. केंद्राची त्रिज्या काढायचं नेहमीचं सूत्र: १.२ फर्मी गुणिले अणुभारांकाचं (केंद्रातल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या एकूण संख्येचं) घनमूळ. सोन्याचा अणुभारांक १९७, त्याचं घनमूळ ५.८२, म्हणून त्रिज्या सुमारे ७ फर्मी. बांधावर ओळीनं बसवायचं असेल तर त्रिज्या नाही, व्यास लागतो: १४ फर्मी. ही दुप्पट विसरणारे खूप. प्रोटॉनचंही तसंच. पुस्तकात ०.८४ फर्मी दिसतं ती त्रिज्या असते.

१४ फर्मी = १.४ × १०^-१४ मीटर
भागिले ०.६२८६५ = २.२ × १०^-१४ आणा

तपासणी: हेच उलटं करा. ०.६२८६५ भागिले १.४ × १०^-१४, म्हणजे एका आण्यात ४.५ × १०^१३ केंद्रं ओळीनं बसतात. दोन्ही उत्तरांचा गुणाकार एकाच्या जवळ यायला हवा: २.२ × ४.५ = ९.९, घातांक -१४ + १३ = -१, म्हणून ०.९९. जमलं.

बार्नकडून गुंठ्यात येताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. मंदगती न्यूट्रॉन पकडण्याचं सोन्याच्या केंद्राचं क्षेत्र सुमारे ९९ बार्न आहे, म्हणजे ९.८ × १०^-२९ गुंठा. पण ७ फर्मी त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्र काढलं तर ते भरतं जेमतेम दीड बार्न. बार्नमध्ये दिलेला आकडा घडण्याची शक्यता सांगतो, केंद्राचा खरा विस्तार सांगत नाही. त्यामुळे बार्नवरून वर्गमूळ काढून 'सोन्याच्या केंद्राची रुंदी इतके आणे' असं लिहू नका. गणित बरोबर असेल, विधान चूक असेल.

## पायरी ८: किती अंक ठेवायचे

७.६०६६६५ × १०^१६ फर्मी. सात अंकांचं हे उत्तर कॅल्क्युलेटरनं दिलं, पण ते तसंच लिहायचा आपल्याला अधिकार नाही. टिपणावर सर्वांत लहान माप एक आणा आहे, म्हणजे ६३ सेंटीमीटर. अर्धा आणा इकडचा तिकडे होऊ शकतो, म्हणजे ३१ सेंटीमीटर. ७६ मीटरमध्ये ३१ सेंटीमीटरची शंका असेल तर तीन अंकांपुढं लिहिण्यात काही राम नाही. उत्तर: ७.६१ × १०^१६ फर्मी.

फूट तरी एकच आहे का? आपण कार्डावर ०.३०४८ मीटर घेतला तो आंतरराष्ट्रीय फूट. भारतीय सर्वेक्षणातला जुना फूट ०.३०४७९९६ मीटरचा. फरक एका फुटामागं मीटरचा एक कोटीवा भाग गुणिले चार. शेतात तो कुणालाही कधी दिसणार नाही. फर्मीत मोजला तर तो चाळीस कोटी फर्मी होतो, आणि एका साखळीमागं १३२० कोटी! म्हणून आठ-दहा अंकी उत्तर लिहिणाऱ्यानं आधी कोणता फूट घेतला ते सांगायला हवं. तीन अंकांवर थांबलात तर दोन्ही फुटांनी उत्तर तेच येतं.

साखळीच्याही आधीची काठी कुणी विचारते. पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा. इथं हात कुणाचा आणि मूठ कुणाची यावरच माप ठरतं, त्यामुळे एका अंकापलीकडे जायचंच नाही. 'काही गुणिले १०^१५ फर्मी' एवढंच लिहा, हात किती सेंटीमीटरचा धरला ते शेजारी लिहा आणि अंदाजे हा शब्द मोठ्या अक्षरात ठेवा.

पोस्टर लावण्याआधी मीटरमधलं मधलं उत्तर कोपऱ्यात लिहून ठेवा. बघायला येणाऱ्यांमध्ये शेती करणारे असतात. त्यांना फर्मी ठाऊक नसेल, पण शंभर पावलांची बाजू त्यांना बरोबर कळते, आणि चूक असेल तर ते तिथल्या तिथं दाखवून देतात.